आजार तोच, मग मोजणी पुन्हा पुन्हा का?

पेटची मुलाखत जवळ आली की माझ्याकडे तुमचे संशोधन आराखडे यायला लागतात. यंदा तीन आराखडे एकाच विषयावरचे आले: दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनांच्या कव्हरेजचं मूल्यमापन. विषय चांगला आहे. तिघांनाही मी एकच विचारलं, ‘कव्हरेज म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजणार?’ तिघांचंही उत्तर थोड्याफार फरकाने सारखं आलं: रुग्णाकडे कार्ड आहे की नाही, ते.

हसू नका. माझ्या पहिल्या प्रश्नावलीतही हाच प्रश्न होता, आणि मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेला होता. त्यामुळे आजचा लेख म्हणजे काही अंशी माझीच उलटतपासणी आहे. मी एम.एस्सी. सांख्यिकीची, डॉक्टर नव्हे. पण मी अक्राणी तालुक्यातली, पावरी बोलत मोठी झालेली, आणि माझ्या मामेभावाला सिकलसेल आहे. त्याच्या फायलीने मला मोजमापाबद्दल जे शिकवलं ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आधी कार्डाबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४१ टक्के कुटुंबांत कुणीतरी एक सदस्य आरोग्य विम्याखाली किंवा योजनेखाली असल्याचं दिसलं. हे वाक्य सावकाश वाचा. एकक आहे कुटुंब, माणूस नव्हे. अट आहे ‘किमान एक सदस्य’. योजना कुठलीही चालते. सर्वेक्षणाची यात चूक नाही. लाखो घरांत जाऊन शेकडो प्रश्न विचारायचे तर एखादा प्रश्न असाच ढोबळ राहणार. चूक आपली असते. आपण तो आकडा उचलतो, प्रस्तावनेत चिकटवतो आणि पुढे ‘कव्हरेज ४१ टक्के’ असं लिहून मोकळे होतो. घरातल्या आजोबांचं नाव योजनेत आहे आणि नातवाला सिकलसेल आहे, हे घर ‘कव्हर’ झालेलं मोजलं जातं.

तानाहाशी नावाच्या अभ्यासकाने १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये कव्हरेजच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. सेवा उपलब्ध आहे का, तिथवर पोहोचता येतं का, ती माणसांना पटते का, प्रत्यक्ष संपर्क होतो का, आणि शेवटी तिचा परिणाम होतो का. प्रत्येक पायरीवर काही माणसं गळतात. जुना लेख आहे, पण कुठल्याही मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला द्यावा असा. मी तो दुसऱ्या वर्षी वाचला, प्रश्नावली छापून झाल्यावर.

धडगावच्या वरच्या एखाद्या पाड्यावर या पायऱ्या लावून बघा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सरकारी केंद्रात आली का, ही पहिली पायरी. पाड्यावरून केंद्रापर्यंत जाता येतं का, ही दुसरी. सिकलसेलग्रस्तांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, पण पाड्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जीप, आणि जीपवाल्याला सवलत माहीत नसते. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असेल तर दुसरी पायरीच वेगळ्या राज्यात जाते. आता सांगा, ‘कार्ड आहे का? हो/नाही’ या चौकटीत यातलं काय मावलं?

विमा योजनेचं तर मुळातलंच गणित वेगळं आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि आता ती केंद्राच्या योजनेसोबत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. मोठी रक्कम आहे. पण योजनेची रचना दाखल होण्याभोवती, ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजभोवती आहे. दीर्घ आजाराचा माणूस वर्षातले काही दिवस खाटेवर असतो आणि उरलेले सगळे दिवस घरी. त्या उरलेल्या दिवसांचा खर्च म्हणजे जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी. माझ्या मामाच्या घरात पाच लाखांपैकी फार थोडे रुपये आजवर वापरले गेलेत. घर तरी आजारातच रिकामं झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तो कार्डाचा नाही, टक्क्यांचा आहे.

सिकलसेल म्हणजे काय हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, तरी एक ओळ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. दोन्ही पालकांकडून हा बदल आला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, तुटतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत सिकलसेलचं प्रमाण २० ते ३५ टक्के, म्हणजे प्रामुख्याने वाहक धरून, असल्याचं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. म्हणजे आमच्याकडे हा पुस्तकातला आजार नाही, शेजारच्या घरातला आहे. आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर तो जन्मभराचा आहे. जनुक तीन वर्षांनी बदलत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलियासोबत सिकलसेल आला. खरंच मोठी गोष्ट होती. पण कायद्यातले बरेच लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना मिळतात. ते टक्के ठरवायची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०१८ मध्ये आली, मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा आली. सिकलसेलच्या प्रमाणपत्राची मुदत आधी एका वर्षाची होती, नंतर पाच वर्षांवरच्या रुग्णांसाठी ती तीन वर्षांची केली गेली. ही सुधारणाच होती, नाकारत नाही. पण प्रश्न तोच विचारायचा आणि फक्त कमी वेळा विचारायचा, याला मी सोपं करणं म्हणणार नाही.

मामेभावाचं पहिलं प्रमाणपत्र एका वर्षाचं होतं. ४५ टक्के. त्या वर्षी त्याला दोनदा रक्त चढवलं होतं, गुडघे सुजलेले, बारावी अर्धवट सुटलेली. पुढे गोळी नियमित सुरू झाली. मामी गोळीचं पाकीट मिठाच्या बरणीमागे ठेवते आणि स्वतः हातावर देते, म्हणून ती चुकत नाही. रक्त चढवायची वेळ कमी आली. नूतनीकरणाला गेलो तेव्हा मी सोबत होते. पहाटे चारला पाड्यावरून निघालो, चांदसैली घाटात दरड पडलेली म्हणून शहाद्याकडून फिरून आलो, अकराला रांगेत. दुपारी तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि हसून म्हणाले, ‘अरे, आता तर बरा आहेस की!’ नवीन आकडा ३०.

डॉक्टर वाईट नव्हते. रांगेत दीडशे माणसं असतील. त्यांच्यासमोर जी मोजपट्टी होती तिने त्यांनी मोजलं. म्हणून टीका करायची तर माणसावर नको, मोजपट्टीवर करू. आणि इथे, संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, जरा नीट लक्ष द्या, कारण मुलाखतीत वैधता आणि विश्वसनीयता यांतला फरक हमखास विचारतात आणि सगळे वजनकाट्याचंच उदाहरण देतात.

पहिली गोष्ट, सरासरीकडे परतणं. गाल्टनने १८८६ मध्ये पालक आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप साधारणपणे मध्याकडे सरकतं. सिकलसेलचं दुखणं चढ-उताराचं असतं. माणूस प्रमाणपत्रासाठी पहिल्यांदा कधी जातो? फार वाईट वर्ष गेल्यावर. म्हणजे पहिला आकडा टोकावरचा असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यांदा तो तारखेमुळे जातो, दुखण्यामुळे नाही. तेव्हा आकडा खाली येणार, काहीही सुधारलेलं नसलं तरी. ही सुधारणा नव्हे, हा नमुना निवडीचा परिणाम आहे. हे मला सांख्यिकीच्या दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं. रांगेत उभं राहीपर्यंत ते उंचीबद्दलचं आहे असंच वाटत होतं.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. ज्या मोजपट्टीत रक्त किती वेळा चढवलं, दुखण्याचे झटके किती आले याला वजन असतं, तिथे उपचार नीट घेणाऱ्याचा आकडा घटतो. हायड्रॉक्सियुरिया झटके कमी करते, रक्ताची गरज कमी करते. त्यासाठीच ती देतात. मग मामीने तीन वर्षं बरणीमागून रोज गोळी दिली, त्याचं फळ म्हणजे १५ टक्के कमी. मधुमेहाच्या रुग्णाची साखर गोळीवर आटोक्यात आहे म्हणून ‘तुम्हाला मधुमेह नाही’ असं कुणी म्हणतं का? उपचारासह दिसणारी अवस्था आणि मुळातला आजार या दोन वेगळ्या राशी आहेत. एकाच आकड्यात त्या घातल्या की आकडा कशाचा आहे हेच कळत नाही. यालाच वैधतेचा प्रश्न म्हणतात.

तिसरी, दुखण्याची भाषा. मी माझ्या प्रश्नावलीत ० ते १० ची वेदनापट्टी ठेवली होती. मामीला विचारलं, मागच्या महिन्यात याचं दुखणं दहापैकी किती होतं? ती म्हणाली, ‘पाणी आणता येत नव्हतं इतकं.’ मी पुन्हा विचारलं, आकड्यात सांग. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मग तूच टाक काहीतरी.’ मी सात टाकले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या माहितीसंचात तो सात अजून आहे आणि तो माझा आहे, तिचा नाही. ‘पाणी आणता येत नव्हतं’ हे त्या सातापेक्षा किती चांगलं मोजमाप होतं! किती दिवस पाणी आणता आलं नाही, किती दिवस मजुरी बुडली, किती दिवस शाळा बुडली, हे मोजता येतं, आठवतं, आणि शेजाऱ्यालाही विचारून पडताळता येतं.

भारतातला सिकलसेल सौम्य असतो, हा समजही इथे डोकावतो. आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे आजार आफ्रिकेतल्यापेक्षा हलका जातो असं बराच काळ लिहिलं गेलं. नंतर मध्य भारतातल्या रुग्णांच्या अभ्यासांत गंभीर त्रासही पुष्कळ दिसला. समाजाची सरासरी सौम्य असेलही, पण खुर्चीवर बसलेला मुलगा सरासरी नसतो.

आता दुसरी बाजू. तुमच्यातला कुणीतरी म्हणेलच की मोजमाप सैल केलं तर बोगस प्रमाणपत्रं वाढतील. २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्यावरून किती गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शंका रास्त आहे. पण कुठल्या चुकीची किंमत कोण भरतो ते बघा. अपात्राला प्रमाणपत्र गेलं तर किंमत सरकार भरतं, आणि एखादा पात्र उमेदवार भरतो. पात्राला नाकारलं तर किंमत तोच पात्र माणूस एकटा भरतो, आणि तो तक्रार करायला परत येत नाही, कारण पुन्हा पहाटे चारला निघावं लागतं. पहिली चूक बातमीत दिसते. दुसरीची मोजदादच होत नाही. शिवाय सिकलसेलच्या निदानात सोंग आणता येत नाही. एचपीएलसी चाचणीत हिमोग्लोबिन एसचं शिखर दिसतं, ते अभिनयाने येत नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून चाचणी रक्त चढवण्याआधी किंवा सुमारे तीन महिन्यांनी करायची. एवढी काळजी घेतली तर निदान एकदाच करून पुरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की एका आकड्याचे दोन प्रश्न करा. आजार आहे का, हा पहिला. तो आयुष्यात एकदा विचारायचा, उत्तर कायमचं. औषध, रक्त, प्रवास, परीक्षेतली सूट, उपचाराशी जोडलेलं जे जे आहे ते या उत्तरावर मिळावं, टक्के न विचारता. आजाराने आत्ता किती अडवलंय, हा दुसरा. तो बदलता आहे, तो पुन्हा विचारावा लागेल हे मला मान्य आहे. सिकलसेलच्या दोन रुग्णांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि उच्च शिक्षणातल्या आरक्षणासारख्या गोष्टीला काहीतरी क्रम लागतोच. पण तो विचारायला जिल्ह्याच्या गावी कशाला बोलवायचं? गोळी घ्यायला रुग्ण जवळच्या केंद्रात येतोच. तिथल्या वहीत गोळीची तारीख असते. त्याच ओळीत ‘मागच्या भेटीपासून किती दिवस काम बुडलं’ एवढा एक रकाना वाढवला तर तीन वर्षांत जवळपास छत्तीस नोंदी होतात. एका दुपारच्या एका नजरेपेक्षा छत्तीस नोंदी भरवशाच्या, हे सांगायला सांख्यिकीची पदवी लागत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोल इथून सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. म्हणजे कुणाला आजार आहे याची यादी सरकार स्वतःच करतंय. मग त्याच सरकारच्या दुसऱ्या खिडकीवर रुग्णाने प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन का उभं राहावं? आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. माणूस तोच आहे हे एकदा सिद्ध करून कायमचं चालतं. आजार तोच आहे हे चालत नाही.

इथे मी स्वतःलाच थोडं अडवते. दोन खिडक्यांच्या याद्या जोडा असं म्हणणं सोपं आहे. पण सिकलसेलची नोंद म्हणजे लग्नाची गोष्ट असते. मुलगी वाहक आहे एवढं कळलं तरी स्थळं परत जातात, आणि वाहकाला आजार नसतो हे समजावता समजावता आशाताई थकून जातात. काही घरं मुलींची तपासणीच टाळतात. यादी जोडताना ती कुणाच्या मोबाइलवर दिसेल, ग्रामपंचायतीच्या फलकावर तर लागणार नाही ना, हे न ठरवता ‘डेटा जोडा’ म्हणणं हे माझ्यासारख्या संगणकापुढे बसणाऱ्याचं सोपं आहे, तिचं नाही. जोडणी रुग्णाच्या संमतीने, आणि वाहकांची यादी त्यातून पूर्ण बाहेर, असं मला सध्या वाटतं. तुमच्यापैकी कुणाला आरोग्य माहितीच्या गोपनीयतेवर काम करायचं असेल तर इथे आराखडाच काय, अख्खा प्रबंध पडून आहे.

आणखी एक छोटा हिशोब, कारण पात्रता म्हणजे फक्त वैद्यकीय टक्के नव्हेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सिकलसेलग्रस्तांचा समावेश आहे. चांगलं आहे. पण सर्वसाधारण अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. ३६५ ने भागा. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, अख्ख्या कुटुंबाचे. दोन माणसं महिनाभर ऊसतोडीला गेली तरी ही रेषा ओलांडली जाते. मग खरं उत्पन्न सांगणारा बाद होतो आणि दाखला ‘बसवून’ आणणारा आत येतो. मोजपट्टी इतकी आखूड असली की ती खोटं बोलायला शिकवते, आणि आपण त्याच दाखल्यांवरून ‘लाभार्थ्यांचं सरासरी उत्पन्न’ काढून तक्ता क्रमांक ४ बनवतो.

तर त्या तीन आराखड्यांबद्दल. मी तिघांनाही परत पाठवलेत. ‘कार्ड आहे का’ हा प्रश्न काढू नका, ठेवा, पण त्याच्या खाली आणखी चार लिहा: शेवटची गोळी कधी मिळाली, त्यासाठी घरातून किती वाजता निघालात, सोबत कोण आलं आणि त्या दिवशी त्याचं काय बुडालं, शेवटचं नूतनीकरण कधी झालं आणि तेव्हा आकडा वर गेला की खाली. माहिती गोळा करायला जाताना वेदनापट्टी घरी ठेवून जा. आणि नमुना घ्यायचा तर शिबिराच्या रांगेतून घेऊ नका. रांगेत पोहोचू शकलेलेच त्यात येतील. उपकेंद्राच्या यादीतून घ्या, जे आले नाहीत त्यांच्या घरी जा, आणि ते दिवाळीआधी करा.

मामेभावाच्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या वर्षी पावसाळ्यात संपतेय. तो म्हणतो, ३० टक्क्यांचा कागद नवा करून काय करू, एक दिवसाची मजुरी तर वाचेल. मामी म्हणते, कागद असू दे. मी अजून दोघांपैकी कुणाची बाजू घेतलेली नाही.